आधी बोट, मग व्याख्या

सहावी-सातवीच्या वर्गात दर्शक सर्वनामांचा धडा एका तासिकेत उरकता येतो. जवळची किंवा दूरची वस्तू दाखवण्यासाठी जे सर्वनाम वापरतात ते दर्शक सर्वनाम. उदाहरणार्थ हा, ही, हे, तो, ती, ते. फळ्यावर लिहायचं, मुलांनी वहीत उतरवायचं, खालच्या दहा वाक्यांत अधोरेखित करायचं, की झालं. दुसऱ्या दिवशी संबंधी सर्वनाम सुरू. आणि त्याच वर्गातली मुलं सहामाहीच्या पेपरात लिहितात, ‘त्याने त्याला सांगितले की तो उद्या येणार नाही.’ यातला कोणता ‘तो’ कोण, हे वाचणाऱ्याला कळत नाही आणि लिहिणाऱ्याला विचारलं तर त्यालाही पटकन सांगता येत नाही.

सातारा आणि सांगली जिल्ह्यांतल्या शाळांत पाचवी ते आठवीच्या मुलांना मराठी शिकवताना या सहा लहान शब्दांचा सराव मी नाना तऱ्हांनी घेतला. त्यातून जे हाती लागलं ते इथे मांडते. मराठीच्या शिक्षकांना त्यातलं काही ओळखीचं वाटेल. पालकांना निदान एवढं कळेल की मुलाच्या वहीतली ‘हे वही’ ही चूक निष्काळजीपणाची असेलच असं नाही.

१. धडा मैदानावर सुरू करावा.

दर्शक म्हणजे दाखवणारा. दाखवायला काही समोर असावं लागतं, आणि चार भिंतींच्या वर्गात फळा, खडू, बाक, खिडकी एवढंच असतं. ते सगळं जवळचंच. म्हणून पहिली तासिका मी मुलांना बाहेर नेते. साताऱ्यात शाळेच्या मैदानावरून अजिंक्यतारा दिसतो, दुसऱ्या बाजूला यवतेश्वराचा डोंगर. पायाशी माती, खडे, चप्पल, दप्तर. नियम एकच: बोट दाखवल्याशिवाय वाक्य बोलायचं नाही आणि वाक्य बोलल्याशिवाय बोट खाली घ्यायचं नाही. ‘हा दगड.’ ‘ती टाकी.’ ‘तो किल्ला.’ पाच मिनिटांत पूर्ण वर्ग बोलता होतो, एरवी मान खाली घालून बसणारी मुलंसुद्धा.

अशाच एका तासाला एका मुलानं अजिंक्यताऱ्याकडे बोट करून ‘हा किल्ला’ म्हटलं. बाकीच्यांनी लगेच गलका केला, ‘हा न्हवं, तो!’ तो मागे हटेना. म्हणाला, “बाई, त्यो लांब न्हाई. आमच्या घरामागंच हाय.” खरंच तो किल्ल्याच्या पायथ्याच्या वस्तीतला होता. मी त्याचं वाक्य बरोबर धरलं आणि वर्गाला विचारलं, किती फुटांनंतर ‘हा’चा ‘तो’ होतो? कुणालाच सांगता आलं नाही, कारण तसं माप नाहीच. जवळ काय आणि लांब काय हे बोलणारा ठरवतो. पृथ्वीवरून चंद्र ‘तो’ असतो, पण चंद्राचं चित्र हातात असेल तर ‘हा चंद्र’. आजीची गोष्ट सांगताना ‘ती’ म्हणणारा मुलगा फोटो दाखवताना ‘ही माझी आजी’ म्हणतो. व्याख्येतले ‘जवळची’ आणि ‘दूरची’ हे दोन शब्द मुलांच्या डोक्यात या चर्चेनंतर नीट बसतात. आधी व्याख्या दिली की मुलं फूटपट्टी शोधत बसतात.

२. लिंगाचा सराव वेगळा घ्यायचा नाही, याच्याच पोटात घ्यायचा.

मराठीत ‘हा’ म्हणायचं की ‘ही’ म्हणायचं हे वस्तूच्या लिंगावर ठरतं, आणि नामाचं लिंग ओळखायची शाळेतली सोपी खूणही हीच: तो, ती, ते लावून बघा. म्हणजे दोन्ही धडे एकमेकांच्या आधारावर उभे आहेत. मी नकाशा टांगते. ‘ही कृष्णा, ती कोयना’, आणि कऱ्हाडला दोघी समोरासमोर येऊन मिळतात तो प्रीतिसंगम. ‘तो सह्याद्री.’ ‘ते धरण.’ नद्या स्त्रीलिंगी, डोंगर पुल्लिंगी, धरण आणि पात्र नपुंसकलिंगी. आपल्या जिल्ह्याचा भूगोल आणि तिन्ही लिंगं एकाच नकाशावर सापडतात.

अडचण अनेकवचनात येते. ‘हे’ एकटा तीन ठिकाणी राबतो: हे झाड, हे मुलगे, आणि आदरानं ‘हे आमचे सर’. ‘ही’ दोन ठिकाणी: ही मुलगी, ही मुलं. म्हणून ‘ही मुलं’ ऐकल्यावर चौकस मूल विचारतंच, ‘बाई, मुलं तर बायकी नाहीत, मग ही कसं?’ हा प्रश्न टाळायचा नाही. एकवचन आणि अनेकवचन शेजारी शेजारी लिहून दाखवायचं: हा–हे, ही–ह्या, हे–ही, तो–ते, ती–त्या, ते–ती. सहाच जोड्या आहेत. एकदा फळ्याच्या कोपऱ्यात लिहून महिनाभर न पुसता ठेवल्या की पाठ करायला सांगावं लागत नाही.

३. चूक ऐकली की घरची भाषा ओळखावी.

हा मला सर्वात महत्त्वाचा वाटलेला धडा आहे, म्हणून त्यावर थोडं जास्त लिहिते.

सांगली जिल्ह्याचा जत तालुका कर्नाटकाला लागून आहे. तिथे कित्येक गावांत घरात कन्नड बोलतात, जिल्हा परिषदेच्या कन्नड माध्यमाच्या शाळाही आहेत. या घरांतली मुलं मराठी शाळेत आली की ‘हे वही’, ‘हे फळा’, ‘हे खुर्ची’ म्हणतात. मास्तर दुरुस्त करून दमतात आणि शेवटी ‘याला लिंगच कळत नाही’ असा शेरा मारतात. तो शेरा अन्यायाचा आहे. कन्नडमध्ये लिंग अर्थावर ठरतं. पुरुष असेल तर इवनु, बाई असेल तर इवळु, आणि उरलेल्या सगळ्या वस्तूंना इदु. लांबचं असेल तर अवनु, अवळु, अदु. वही निर्जीव, फळा निर्जीव, खुर्ची निर्जीव; कन्नडच्या हिशेबानं तिन्ही नपुंसक, म्हणून मूल तिन्हीला ‘हे’ लावतं. त्याचा नियम पक्का आहे, फक्त तो मराठीचा नाही. गंमत म्हणजे माणसांच्या बाबतीत हीच मुलं सहसा चुकत नाहीत. ‘हा मुलगा’, ‘ही मुलगी’ त्यांना बिनचूक येतं, कारण तिथे दोन्ही भाषा जुळतात.

त्यात आणखी एक भर. नामाच्या आधी लावायचं झालं तर कन्नडमध्ये ‘ई’ आणि ‘आ’ एवढेच शब्द आहेत. ई हुडुग म्हणजे हा मुलगा, ई हुडुगि म्हणजे ही मुलगी, ई पुस्तक म्हणजे हे पुस्तक. शब्द बदलतच नाही. मराठीत मात्र तीन वेळा बदलतो. ज्या मुलाच्या तोंडात लहानपणापासून ‘ई’ बसलाय त्याला हा बदल नव्यानं शिकावा लागतो.

हिंदी बोलणाऱ्या मुलांची चूक वेगळी असते. सातारा एमआयडीसी, कुपवाड, विट्याचे यंत्रमाग, या सगळ्या ठिकाणी उत्तरेकडून आलेली कुटुंबं आहेत. त्यांची मुलं ‘हा घर’ आणि ‘ही पुस्तक’ म्हणतात. हिंदीत नपुंसकलिंग नाही. घर तिथे पुल्लिंगी आणि पुस्तक स्त्रीलिंगी. ही मुलं ‘हे’ फार कमी वापरतात. जतच्या मुलाला ‘हे’ कमी करायला शिकवायचं आणि कुपवाडच्या मुलाला ‘हे’ वाढवायला. एकच दुरुस्तीचा कागद दोघांना देऊन उपयोग नाही.

तिसरा गट खानापूर-आटपाडीकडचा. त्या भागातली गलाईवाल्यांची कुटुंबं सोनं-चांदी गाळायच्या धंद्यानिमित्त देशभर पसरलेली आहेत. त्यांची मुलं कधी तमिळनाडूत, कधी केरळात चार-पाच वर्षं शिकून आजी-आजोबांकडे गावी येतात. तमिळनाडूतून आलेल्या मुलाच्या घरात मराठी, पण मित्रांत तमिळ, जिथे ‘इंद’ आणि ‘अंद’ कधीच बदलत नाहीत. अशा मुलाला मी सगळ्या वर्गाला तमिळची ती दोन रूपं शिकवायला लावते. ज्याला दोन दिवस ‘मराठी येत नाही’ म्हणून चिडवलं जात होतं, तोच फळ्यापाशी उभा राहतो. मग त्याचा मराठीचा सरावही सुरळीत होतो.

माझी पद्धत साधी आहे. वर्षाच्या सुरुवातीला प्रत्येकाकडून वर्गातल्या वीसेक वस्तूंना हा-ही-हे लावून घ्यायचं आणि चुका टिपून ठेवायच्या. कुणाच्या घरी कोणती भाषा बोलतात हे त्या कागदावरूनच बहुतेक कळतं, आणि कुणाला कोणता सराव द्यायचा हेही.

४. ‘ह्यो’ आणि ‘त्यो’ यांना चूक म्हणू नये.

आमच्या भागातलं मूल ‘ह्यो बैल’, ‘त्यो माळ’, ‘ह्येनं सांगितलं’ असं बोलत येतं. त्यात लिंग बरोबर आहे, वचन बरोबर आहे, जवळ-दूर बरोबर आहे. म्हणजे दर्शक सर्वनाम त्याला पूर्ण येतं. प्रमाण भाषेतलं रूप तेवढं शिकायचं आहे. जतच्या मुलाची अडचण आणि याची अडचण एका तराजूत घालणं चुकीचं. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’त, १९५५ सालच्या कादंबरीत, माणदेशातल्या एका धनगरवाडीवर नेमणूक झालेला तरुण मास्तर आहे आणि तिथली माणसं आपल्या बोलीत बोलतात. ती बोली काढून घेतली तर ती माणसंच उरणार नाहीत.

मी फळ्याचे दोन भाग करते. एकीकडे ‘घरी’, दुसरीकडे ‘वहीत’. ह्यो – हा. त्यो – तो. त्येनं – त्याने. हितं – इथे. तितं – तिथे. मुलं स्वतःहून जोड्या आणतात. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या सौद्यांच्या वेळी वडिलांबरोबर गेलेल्या एका मुलानं तिथली वाक्यं जशीच्या तशी लिहून आणली होती: ‘ह्यो ढीग कुणाचा? त्यो पल्याडचा धरू नगा.’ वर्गानं ती ‘वहीत’च्या बाजूला आणली: हा ढीग कोणाचा? तो पलीकडचा धरू नका. दोन्ही वाक्यं आजही माझ्या टिपणवहीत आहेत. प्रमाण रूप शिकवायलाच हवं, पेपर त्यातच लिहायचा आहे. पण त्यासाठी बापाच्या तोंडची भाषा चुकीची ठरवायची काही गरज नाही.

५. शेजारची भाषा आपली भाषा स्पष्ट करते.

मिरजेहून लोंढामार्गे रेल्वे गोव्याला जाते, त्यामुळे मिरजेची कितीतरी कुटुंबं कामधंद्यासाठी तिकडे स्थायिक झाली आहेत. अशाच एका कुटुंबातली आमची जुनी विद्यार्थिनी मे महिन्यात आजोळी आली होती. गोव्यात तिनं शाळेत तिसरी भाषा म्हणून पोर्तुगीज घेतली होती. वहीत पानभर सराव होता: एश्ते, एसे, आकेले. मला म्हणाली, “बाई, त्यांच्यात हा आणि तो नाही, तीन आहेत.”

तिनं जे समजावून सांगितलं ते फार सुबक होतं. बोलणाऱ्याजवळचं पुस्तक असेल तर ‘एश्ते’. ऐकणाऱ्याजवळचं असेल तर ‘एसे’. दोघांपासून लांब असेल तर ‘आकेले’. स्त्रीलिंगी नाम आलं की त्यांचं रूप बदलतं: एश्ता, एसा, आकेला. नामाशिवाय नुसतं ‘हे’ म्हणायचं असेल तर ‘इश्तू’, ‘इसू’, ‘आकिलू’, ती रूपं बदलत नाहीत. ब्राझीलमध्ये रोजच्या बोलण्यात पहिले दोन जवळपास एक झाले आहेत, पण शाळेत तिन्ही शिकवतात.

जूनमध्ये शाळा उघडल्यावर मी तो खेळ मराठीत घेतला. दोन मुलं समोरासमोर, प्रत्येकाच्या हातात एक पेन, तिसरं पेन लांब खिडकीत. पहिल्यानं तिन्ही पेनांबद्दल बोलायचं, नावं न घेता. माझ्या हातातलं ‘हे’. खिडकीतलं ‘ते’. आणि समोरच्याच्या हातातलं? मुलं थबकली. कुणी ‘ते’ म्हणालं, मग खिडकीतल्याशी गोंधळ झाला. शेवटी एक मुलगी म्हणाली, ‘ते तुझ्याजवळचं.’ दुसरा म्हणाला, ‘तुझ्या हातातलं ते.’ मराठीत दोनच शब्द आहेत, म्हणून तिसरी जागा दाखवायला आपण ‘तुझ्याजवळचं’, ‘पलीकडचं’, ‘तिथलं’ असे शब्द जोडतो. हे मुलांनी स्वतः शोधलं. आठवीत संस्कृत घेणाऱ्यांना मी पुढचंही सांगते: तिथे इदम्, एतद्, अदस् आणि तद् अशी चार आहेत, जवळचं, त्याहून जवळचं, लांबचं आणि नजरेआडचं.

पोर्तुगीज आणि आपल्या भाषा यांचा हा संबंध जुना आहे. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट पाद्री १५७९ साली गोव्यात आला, त्याचं मराठी ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली छापलं गेलं, आणि कोकणी भाषेचं त्यानं पोर्तुगीजमध्ये लिहिलेलं व्याकरण त्याच्या मृत्यूनंतर १६४० साली रायतूरला छापून निघालं. चारशे वर्षांपूर्वी एक परका माणूस आपल्या किनाऱ्यावरची भाषा तिसऱ्याच भाषेतून समजावून सांगत होता. मुलांना हे सांगितलं की व्याकरण म्हणजे पेपरापुरती गोष्ट नाही हे त्यांना पटतं.

६. सर्वनाम की विशेषण? विभक्ती लावून पाहा.

शिष्यवृत्तीच्या परीक्षेत हमखास येणारा प्रश्न. ‘हा माझा भाऊ आहे’ यात ‘हा’ नामाच्या जागी एकटा उभा आहे, म्हणून सर्वनाम. ‘हा मुलगा हुशार आहे’ यात तो नामाच्या आधी येऊन त्याच्याबद्दल सांगतो, म्हणून विशेषण; पुस्तकात त्याला दर्शक किंवा सार्वनामिक विशेषण म्हणतात. मुलं हे ऐकतात आणि विसरतात. एक चाचणी लक्षात राहते. वाक्यात ‘ने’ किंवा ‘ला’ आणून बघा. ‘हिने सांगितले’, पण ‘या मुलीने सांगितले’. ‘तिला दिले’, पण ‘त्या मुलीला दिले’. एकटं असेल तर प्रत्यय सर्वनामालाच लागतो आणि लिंग दिसतं. नामाबरोबर असेल तर प्रत्यय नाम घेतं आणि आधीचा शब्द ‘या’ किंवा ‘त्या’ होऊन बसतो, मग नाम मुलाचं असो की मुलीचं.

७. ‘एकी हेच बळ’ यावर एक पूर्ण तास द्यावा.

साताऱ्यात रयत शिक्षण संस्थेचं नाव प्रत्येक मुलाला माहीत असतं. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कऱ्हाड तालुक्यातल्या काले गावी ती काढली, १९२४ साली तिचं ठाणं साताऱ्याला आलं. संस्थेचं ब्रीद: स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद. मी विचारते, इथे ‘हेच’ का? मुलं म्हणतात, शिक्षण नपुंसकलिंगी, म्हणून. मग शेजारी लिहिते, ‘एकी हेच बळ’. एकी तर स्त्रीलिंगी. मग ‘हीच’ का नाही?

वर्ग गप्प होतो आणि मग कामाला लागतो. मी आणखी वाक्यं देते. ‘वाचन हा माझा छंद.’ ‘शेती हा त्यांचा व्यवसाय.’ ‘प्रामाणिकपणा ही त्याची ओळख.’ वाचन नपुंसक असून ‘हा’, शेती स्त्रीलिंगी असून ‘हा’, प्रामाणिकपणा पुल्लिंगी असून ‘ही’. थोड्या वेळात कुणीतरी ओरडतंच, ‘बाई, पुढच्याचं लिंग घेतलंय!’ छंद, व्यवसाय, ओळख, बळ. या रचनेतलं दर्शक सर्वनाम बोट मागे दाखवतं पण लिंग पुढच्या नामाचं घेतं. रयतेच्या ब्रीदात शिक्षण आणि ब्रीद दोन्ही नपुंसक, म्हणून तिथे हे लपून राहिलं होतं. ‘माझा आवडता छंद’ किंवा ‘माझं गाव’ या निबंधांत ‘शेती ही मुख्य व्यवसाय आहे’ असं लिहिणारी मुलं या तासानंतर ते लिहीत नाहीत.

८. आदर आला की लिंग झाकलं जातं, तिथे जपावं.

सावित्रीबाई फुल्यांचा जन्म १८३१ सालचा, सातारा जिल्ह्यातल्या नायगावचा. ३ जानेवारीला आमच्याकडे प्रत्येक शाळेत भाषणं होतात. एका भाषणात वाक्यं अशी होती: ‘ज्योतिरावांनी सावित्रीबाईंना शिकवले. १८४८ मध्ये पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा सुरू झाली. त्यांनी तिथे शिकवले. त्यांना लोकांनी त्रास दिला.’ वाचताना विचारलं, हे ‘त्यांनी’ म्हणजे कोणी? अर्ध्या वर्गाचं उत्तर ज्योतिराव, अर्ध्याचं सावित्रीबाई. ‘त्याने’ आणि ‘तिने’ यांत फरक दिसतो, ‘त्यांनी’त दिसत नाही. आदरार्थी बहुवचनाची ही अडचण मोठ्यांच्या लेखनातही वारंवार सापडते.

उपाय मुलांनीच सुचवले. प्रत्यय नको असेल तिथे ‘ते’ आणि ‘त्या’ वापरा, फरक परत येतो: ‘त्या तिथे शिकवू लागल्या.’ नाहीतर सरळ नाव पुन्हा लिहा. किंवा ‘या दोघांनी’. नाव दोनदा आलं तर भाषा बिघडते असा एक समज शाळांत आहे. तो सोडून द्यावा. अर्थ हरवण्यापेक्षा नाव दोनदा आलेलं केव्हाही चांगलं.

९. लिहिणं हे फोनवर बोलण्यासारखं आहे, हे मुलांना करून दाखवावं.

समोरासमोर ‘हे घे, ते ठेव’ चालतं, कारण डोळे आणि बोट मदतीला असतात. दोन मुलांना पाठीला पाठ लावून बसवते. एकाकडे चित्र, दुसऱ्याकडे कोरा कागद. चित्रवाल्यानं सांगायचं, दुसऱ्यानं काढायचं. ‘ते तिथं काढ, त्याच्या बाजूला हे’ असं सुरू होतं आणि दोन मिनिटांत अडतं. मग ‘कागदाच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात घर, त्या घराच्या उजवीकडे झाड’ असं बोलणं येतं. ‘त्या घराच्या’ यातला ‘त्या’ आता हवेत बोट दाखवत नाही, आधी उच्चारलेल्या घराकडे दाखवतो. दर्शक सर्वनामाचं लेखनातलं काम इथे कळतं.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरानंतर कृष्णाकाठच्या मुलांनी निबंध लिहिले. कित्येक घरांच्या भिंतींवर २००५ ची एक रेघ आधीच होती, २०१९ ची तिच्याही वर गेली. एका मुलीनं लिहिलं होतं: ‘आई, आजी आणि म्हैस घेऊन आम्ही निघालो. ती चालत नव्हती म्हणून बाबांनी तिला ओढत नेले.’ वर्गात हसू फुटलं. मुलगी रडवेली झाली. म्हणाली, “मला तर सगळं दिसत होतं की, बाई.” मी हसणाऱ्यांना थांबवलं आणि तिचं वाक्य फळ्यावर लिहिलं. तिला दिसत होतं हे खरंच होतं. गुडघाभर पाण्यातली म्हैस, दावं, बाबा. वाचणाऱ्याला दिसत नव्हतं एवढंच. ‘म्हैस पाण्याला बुजली होती, म्हणून बाबांनी तिला दावं धरून ओढत नेलं.’ हे वाक्य तिनंच दुरुस्त केलं, आणि ‘बुजली’ हा शब्द तिचा स्वतःचा.

तेव्हापासून निबंध तपासताना मी व्याकरणाच्या लाल खुणा कमी केल्या आहेत. प्रत्येक ‘तो’, ‘ती’, ‘ते’पासून मुलांनीच पेन्सिलीनं मागे बाण काढायचा, ज्याच्याबद्दल आहे त्या नामापर्यंत. बाण कुठेच पोहोचत नसेल किंवा दोन नामांत अडकत असेल, तर वाक्य बदलायचं. दहावीपर्यंत ही सवय टिकली तर पत्रलेखन आणि सारांशलेखन आपोआप सुधारतं.

१०. शुद्धलेखन थोडक्यात.

‘हि मुलगी’ असं निम्मा वर्ग लिहितो. शब्दाच्या शेवटचा इकार दीर्घ, म्हणून ‘ही’, ‘ती’. प्रत्यय लागून तो शेवटचा उरला नाही की ऱ्हस्व: हिला, तिला, हिचे, तिने. ‘आणि’ हा अपवाद. ‘या’ आणि ‘ह्या’ दोन्ही चालतात. एका निबंधात एकच ठेवा. यापेक्षा जास्त वेळ देऊ नये.

११. प्रश्न बदलल्याशिवाय सराव बदलणार नाही.

शिक्षक मैदानावर जातात की नाही हे शेवटी पेपरावर अवलंबून असतं. ‘पुढील वाक्यातील सर्वनाम ओळखा व प्रकार लिहा’ एवढाच प्रश्न येत राहिला तर अधोरेखित करण्याचाच सराव होणार, आणि पालकही त्याचीच पुस्तकं विकत आणणार. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचं मराठी व्याकरण १८३६ चं, मोरो केशव दामल्यांचं ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११ चं. या ग्रंथांनी शब्दांचे प्रकार लावून दिले त्याचं ऋण मोठं आहे, आणि दामल्यांचा ग्रंथ प्रत्येक शाळेच्या कपाटात असावा असं मला वाटतं. पण प्रकार ओळखणं हे बारा वर्षांच्या मुलाचं पहिलं काम नव्हे. शब्द नेमका वापरणं हे पहिलं काम.

चाचणी, सहामाही आणि शिष्यवृत्तीचे पेपर काढणाऱ्यांना माझी विनंती आहे. आठ ओळींचा एक उतारा द्या. त्यात ‘तो’, ‘ती’, ‘त्यांनी’, ‘हे’ येऊ द्यात. प्रत्येक शब्द कोणाबद्दल आहे हे विचारा, आणि जिथे कळत नाही ते एक वाक्य मुलांकडून नीट लिहून घ्या. चार गुण पुरेत. तेवढा एक प्रश्न आला, तर पुढच्या जूनपासून सातारा-सांगलीतच काय, सगळीकडच्या शाळांत हा धडा वेगळ्या तऱ्हेनं शिकवला जाईल.